आमच्या शाळेतलं जडत्व

मास्तराला शिव्या देता येत नाहीत. समोर पोरं, दारात पालक, डोक्यावर हेडमास्तर! मग आयुष्यभर ज्या शिव्या गिळल्या, त्यांचे म्हातारपणी किस्से होतात. माझ्याकडे ते पोतंभर आहेत. एक काढला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि दुसरा आला की माझं डोकं पुन्हा तापतं. बायको म्हणते, "अहो, किती वर्षं झाली त्याला! सोडा की आता." सोडतो कसला! तुम्ही आयते सापडला आहात, तर ऐका.

हे सगळे महाडच्या आमच्या शाळेतले. सन तीसच्या आगेमागे मी पुण्याच्या ट्रेनिंगमधून नवाकोरा होऊन तिथं सृष्टिज्ञान शिकवायला आलो. डोक्यात खूळ एकच. गतीचे नियम पोरांकडून नुसते घोकून घ्यायचे नाहीत, त्यांच्या डोळ्यांना दाखवायचे.

हेडमास्तरांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. माझं खूळ ऐकून नानांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दाखवायचं काय त्यात? पुस्तकात छापलंय ना!"

०

पुस्तकात जडत्वाचं उदाहरण होतं आगगाडीचं. 'आगगाडी एकाएकी सुरू झाली असता आतील उतारू मागे पडतात.' सातवीच्या पोरांनी हे वाक्य मला एका सुरात म्हणून दाखवलं. मी विचारलं, "आगगाडी कुणी कुणी पाहिलीय?"

एक हात वर येईल तर शपथ! आणि येणार तरी कुठून? आमच्याकडचा माणूस मुंबईला जायचा तो बोटीनं. घाट चढून वर जायचा तो पायी नाहीतर मोटारीनं. रूळ म्हणजे काय, हेच पोरांना ठाऊक नव्हतं.

शेवटी पोलादपूरकडचा एक पोरगा उठला. "गुरुजी, उतारू मागं पडतात, म्हंजे खाली रस्त्यावर पडतात?"

"नाही रे. गाडीतच पडतात."

"रोज पडतात?"

"झटक्यानं सुटली की पडतात."

"आनि तरी लोकं तिकीट काढून बसतात?"

वर्ग खो खो हसला. मी मात्र भडकलो. पोरावर नाही, पुस्तकावर! सावित्रीत होड्या चालतात, रस्त्यावर बैलगाड्या धडधडतात, आणि आम्ही जडत्व शिकायचं ते न पाहिलेल्या आगगाडीत बसून? तरातरा नानांकडे गेलो. म्हटलं, उदाहरण बदलून शिकवतो.

नाना शांतपणे म्हणाले, "शिकवा. पण परीक्षेत बैलगाडीला मार्क नाहीत."

०

आता यमुनेबद्दल सांगितलं पाहिजे.

यमुनेचा बाप मूळचा पोलादपूरकडच्या कापडे गावचा. पलटणीत हवालदार होता, पेन्शन घेऊन आला आणि महाडलाच गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीत घर बांधून राहिला. लेकीला त्यानं हट्टानं शिकवलं. मुलींची शाळा चौथीलाच संपत होती, म्हणून ती आमच्याकडे आली. सरकारी हुकमामुळे नाना तिला नाही म्हणू शकले नाहीत. पण बसवली मात्र दाराजवळ, वेगळ्या पाटावर, बाकांपासून चांगली चार हात लांब! गावच्या तळ्याचं पाणी त्यांच्या लोकांना भरू द्यायचं की नाही, हा दावा तेव्हा कोर्टात चालू होता. गावात त्यावर बोलणं कुणालाच नको असायचं, आणि पाट मात्र न बोलता बरोबर जागेवर पडायचा.

आणि खरं सांगतो, पहिलं वर्षभर मीही तो पाट तिथंच राहू दिला. नियम शिकवणारा मी! तेव्हा कुणावर रागवायचंच असेल तर पहिला नंबर माझा लागतो.

एके दिवशी मी पेला, खेळातला एक पत्ता आणि ढब्बू पैसा घेऊन वर्गात गेलो. पेल्यावर पत्ता ठेवायचा, पत्त्यावर पैसा, आणि टिचकी मारून पत्ता उडवायचा. पत्ता उडतो आणि पैसा टुणकन पेल्यात पडतो. पोरं एकेक करून पुढं आली. कुणी पेलाच पाडला, कुणाचा पैसा खिडकीपर्यंत गेला. मग मी यमुनेला हाक मारली. तिनं एकच टिचकी मारली. टण्ण!

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि दारात आमचे अप्पा मास्तर उभे! अप्पा व्याकरण शिकवायचे. सोवळ्याओवळ्याचे मोठे कडक. मी घाईत उचलून आणलेला पेला त्यांचा होता, आणि ढब्बू पैसाही त्यांच्याच टेबलावरचा होता. अप्पांचा आवाज चढला. "बाटवलंत! पाण्याचं भांडं बाटवलंत माझं!"

मी काही बोलायच्या आत यमुना आपल्या पाटावर जाऊन बसली. तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही.

अप्पांनी शाळेच्या अंगणात गोवऱ्या पेटवून पेला त्यात घातला. आणि त्यातला पैसा आधी काढून कनवटीला लावला!

दुसऱ्या दिवशी मी पाट उचलून अडगळीत टाकला आणि यमुनेला पुढच्या बाकावर बसवलं. त्या बाकावरची दोन पोरं उठून मागं गेली. तिसरा जागचा हलला नाही. आगगाडीच्या उतारूंची चौकशी करणारा तो हाच.

०

शाळेत प्रयोगाचं सामान नव्हतं असं मुळीच नाही बरं का! मुंबईहून मागवलेलं चांगलं शिसवी कपाट भरून सामान होतं. चाकांची लाकडी गाडी होती, कप्पी होती, वजनं होती. पण किल्ली नानांच्या जानव्याला! "मोडलं तर?" एवढंच उत्तर. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, ते कपाट उघडायचं. सुतार आपल्या रंध्याची पूजा करतो, तशी आमची शाळा गतीच्या नियमांची पूजा करायची! गाडीला हळद, कप्पीला कुंकू, वजनांवर झेंडू. आरती झाली, प्रसाद वाटला, की कपाट पुन्हा बंद.

एका वर्षी तपासणीला डिप्टी साहेब आले. शाळा तपासायच्या आणि सातवीच्या फायनल परीक्षेचे पेपरही तपासायचे, दोन्ही कामं त्यांच्याकडेच. म्हणाले, "मास्तर, गतीचा प्रयोग दाखवा."

मला आनंदाचं भरतं आलं. किल्ली सुटली! गाडी टेबलावर मांडली, दोरी कप्पीवरून घेतली, टोकाला वजन लावलं आणि सोडलं. गाडी हलेना. वजन वाढवलं. हलेना! वाकून बघतो तर काय, सात-आठ नवम्यांचं तेल, हळद आणि कुंकू कप्पीत जाऊन घट्ट बसलेलं. चाकांच्या कण्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

मला घाम फुटला. पण नाना काय हुशार! पुढं होऊन म्हणाले, "साहेब, हाच तो पहिला नियम. जी वस्तू स्थिर आहे, ती स्थिरच राहते!"

साहेबांनी मान डोलावली आणि शेरेबुकात लिहिलं, 'प्रयोग उत्तम साधला.'

०

तिसऱ्या नियमाचा किस्सा त्या मानानं छोटा आहे. जेवढा जोर तुम्ही लावाल, तेवढाच उलटा तुमच्यावर लागतो, हे मी शिकवलं. भिंतीवर बुक्की मारून स्वतःचा हात सुजवून दाखवला. आठवड्याभरात तांदळाचे एक व्यापारी शाळेत आले, तणतणत.

"मास्तर, माझ्या पोराला काय शिकवलंत?"

"का? काय झालं?"

"काल त्याला दोन मुस्काटात दिल्या. पोरगं रडलंच नाही!"

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं? माझ्याकडे कीव करून बघतं, आणि विचारतं, 'बाबा, जास्त लागलं का हो?'"

यावर नानांनी तिसरा नियम त्या वर्षापुरता शिकवायचा नाही, असं ठरवून टाकलं. मी विचारलं, "आणि परीक्षेत आला तर?" तर म्हणाले, "पाठ करून घ्या. समजावू नका!"

०

महाड-पोलादपूर रस्त्यावर कासमभाईची मोटार होती. कासम महाडचाच. गुडघ्याएवढा असल्यापासून सावित्रीत पोहलेला, आणि मोटारीचा खिळा न खिळा ओळखणारा. मी त्याला म्हटलं, पोरांना जडत्व दाखवायचंय. तो म्हणाला, "मास्तर, मी येवढंच तर करतो दिवसभर! आना पोरं."

दुपारची मोटार रिकामी होती. पोरं चढली. यमुना पायरीपाशी थांबली. कुठं बसू, असं तिनं विचारलंही नाही, नुसती उभी राहिली. कासमनं आपल्या शेजारची जागा फडक्यानं झटकली. "हिकडं ये गो. माझे मोटारीत पाट नाय. शीट हाय."

नदीपर्यंत मोटार जोरात नेली आणि कासमनं एकदम करकचून ब्रेक दाबला. वीसच्या वीस पोरं एकमेकांच्या पाठीवर! मी तर पुढच्या फळीला नाक आपटून घेतलं. कासम मागं वळून म्हणाला, "बघितलास काय? ब्रेक मोटारला लागतो. पाशिंजराला लागत नाय!"

अहो, पुण्याला दोन वर्षं ट्रेनिंग घेतलं मी, पण जडत्व इतक्या कमी शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात येऊन ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं.

संध्याकाळी नानांचा मेमो आला. 'सृष्टिज्ञानाच्या मिषाने मोटारस्टँडवर भटकंती केल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा.' खुलासा दिला. फळा मात्र दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुसलेला होता.

०

आणि आता हा शेवटचा. हा सांगताना आवाज चढला तर माफ करा.

त्या वर्षी यमुना फायनलला बसली. बापाच्या मूळ गावी, कापड्याला, त्यांच्या वस्तीसाठी शाळा मंजूर झाली होती. पण तिथं जायला एक मास्तर तयार होईना! फायनल पास झालेलं माणूस जूनपर्यंत मिळालं नाही, तर मंजुरी रद्द होणार होती. यमुनेनं आधीच अर्ज केला होता. ती पास झाली की ती मास्तरीण, आणि वस्तीतली पंचवीस-तीस पोरं शाळेत. इतका साधा हिशोब होता.

निकाल आला. सगळ्या विषयांत पास, सृष्टिज्ञानात दोन मार्कांनी नापास.

माझा विश्वासच बसेना. तिला विचारलं, "जडत्वाच्या प्रश्नाला काय लिहिलंस?"

ती म्हणाली, "हंडा लिव्हला, गुरुजी."

"हंडा?"

"डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालताना बाई एकदम थांबली तर पाणी पुढं सांडतं. थांबलेली बाई एकदम चालाय लागली तर मागं सांडतं. बाई थांबते, पाणी थांबत नाय. मला रोज दिसतं, तेच लिव्हलं."

रोज दिसणारच! तळं त्यांच्या घरापासून जवळ होतं, पण तिथलं पाणी त्यांना नव्हतं. नदीवरून मैलभर हंडा वाहून आणायची पोरगी. ती जडत्व पुस्तकात नाही, आपल्या मानेवर शिकली होती! आणि ज्यांनी उभ्या जन्मात न पाहिलेली आगगाडी लिहिली, ते सगळे पास!

डिप्टी साहेबांचा मुक्काम पोलादपूरच्या बंगल्यात होता. फेरतपासणीची मुदत संपेपर्यंत पेपरांची ट्रंक त्यांच्याबरोबरच फिरायची. आम्ही गेलो त्याच दिवशी ती मुदत संपत होती. सकाळच्या मोटारीनं मी, यमुना आणि हवालदार असे तिघं पोलादपूरला गेलो. हवालदारानं पलटणीतला कोट चढवला होता, बटणं घासून.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. बाप-लेक व्हरांड्यात उभे. कारकुनानं पेपर काढला. हंड्याच्या उत्तरावर लाल शाईची आडवी रेघ, आणि शेजारी शेरा, 'पुस्तकात नाही.'

मी म्हटलं, "साहेब, उत्तर चूक आहे का?"

"चूक नाही. पण पुस्तकात आगगाडी आहे."

"मुलीनं आगगाडी पाहिलेली नाही, साहेब."

"इतरांनी तरी कुठं पाहिलीय? त्यांनी लिहिलीच ना?" असं म्हणून त्यांनी पेपर ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं आणि कारकुनाला हुकूम दिला, "ट्रंक मोटारीवर चढवा. ऊन चढायच्या आत घाट चढायचाय." साहेबांना आंबेनळीच्या घाटानं महाबळेश्वर गाठायचं होतं. त्यासाठी त्यांनी मोटार ठरवली होती ती कासमचीच.

ट्रंक गेली. साहेबांनी टोपी घातली, छडी घेतली आणि दाराकडे वळले.

दाराच्या उंबऱ्यावर यमुना बसली होती. मांडी घालून, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्या खोलीला दार एकच होतं. आणि दार अरुंद. तिला न शिवता बाहेर पडायला वीतभरही जागा नव्हती.

साहेब थबकले. "ए, ऊठ. वाट सोड."

यमुना हलली नाही.

"ऐकू येत नाही का? ऊठ म्हणतो ना!"

तिनं वर पाहिलं. "स्थिर वस्तू बाहेरून जोर लागल्याशिवाय जागची हलत नाही, साहेब. पहिला नियम. हे पुस्तकात हाय. लावा जोर."

साहेबांचं तोंड लाल झालं. त्यांनी पट्टेवाल्याला खूण केली. पट्टेवाला व्हरांड्यातून दोन पावलं पुढं आला, तिच्या खांद्याकडे हात नेला, आणि अर्ध्या वाटेत हात मागं घेतला. मग तो आपल्या हाताकडेच बघत राहिला.

साहेब हवालदारावर ओरडले, "तुझी मुलगी ना ही? उठव तिला!"

हवालदार टाचा जुळवून उभा राहिला. "परीक्षा चालू हाय, साहेब. बापानं मधी बोलायचं नसतं."

साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर! तुमची विद्यार्थिनी आहे ही. काहीतरी बोला!"

मी म्हणालो, "साहेब, उत्तर बरोबर आहे."

बाहेर कासमनं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. साहेब एक पाऊल पुढं आले. यमुनेच्या गुडघ्यापासून त्यांचा बूट वीतभर राहिला असेल. तसेच उभे राहिले. मग बूट मागं घेतला.

टोपी काढून ते खुर्चीत बसले. कपाळ पुसलं. मग खिडकीकडे तोंड करून साहेब ओरडले, "ए मोटारवाल्या, ती ट्रंक खाली उतरव!"